जुनी मॅन्युअल लेन्स दुसऱ्या कंपनीच्या डिजिटल कॅमेऱ्यावर कशी बसवायची

जुनी मॅन्युअल लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर बसेल का, असं कुणाला विचारलं की बहुतेक वेळा ‘अडॅप्टर घे आणि लाव’ एवढंच उत्तर मिळतं. लेन्स बसते, हे खरं. पण मग शटरच दाबलं जात नाही, दूरचा डोंगर काही केल्या फोकसमध्ये येत नाही, किंवा ॲपर्चरची (प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणारी) रिंग फिरते आणि आतली पाती जागची हलत नाहीत. अशा वेळी दोष लेन्सला दिला जातो. खरं कारण बहुधा अडॅप्टरच्या जाडीत नाहीतर कॅमेऱ्याच्या मेन्यूतल्या एखाद्या नोंदीत असतं. म्हणून या लेखात लेन्सपेक्षा अडॅप्टरबद्दलच जास्त लिहिलं आहे.

सगळं मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, कॅमेरे धरून सांगितलं आहे. आरसा असलेल्या डीएसएलआरसाठी पायरी २ मध्ये वेगळी टीप आहे.

आधी हाताशी काय हवं

- लेन्स, तिची पुढची आणि मागची टोपी
- त्या लेन्सच्या माउंटपासून (लेन्स आणि कॅमेरा जिथे जोडले जातात तो भाग) तुमच्या कॅमेऱ्याच्या माउंटपर्यंतचा अडॅप्टर
- एक प्रखर छोटी टॉर्च
- हवा मारायचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश
- बारीक स्क्रू ड्रायव्हर (अडॅप्टरचे स्क्रू आवळायला किंवा सैल करायला)
- शक्य असेल तर ट्रायपॉड आणि डिजिटल कॅलिपर
- कॅमेऱ्याची पुस्तिका, कारण मेन्यूतली नावं प्रत्येक कंपनीची वेगळी

१. लेन्सचा माउंट नक्की ओळखा

लेन्सच्या पुढच्या कड्यावरचं नाव पाहून माउंट ठरवू नका. बनवणाऱ्यांनी एकच लेन्स अनेक माउंटमध्ये विकलेली असते. लेन्स उलटी करून मागची बाजू बघा. तिथे आटे दिसले तर ती स्क्रू माउंटची. तीन पाकळ्या दिसल्या तर बायोनेट, म्हणजे थोडं फिरवून अडकवायचा माउंट. कॅनन एफडीच्या मागे फिरणारं कडं किंवा फिरणारी नळी आणि बाहेर आलेल्या छोट्या दांड्या असतात. निकॉनच्या जुन्या लेन्सच्या ॲपर्चर रिंगवर बऱ्याचदा ‘सशाचे कान’ म्हणून ओळखला जाणारा धातूचा छोटा काटा असतो.

सर्वांत जास्त फसगत स्क्रू माउंटमध्ये होते. यातले तीन सापळे लक्षात ठेवा.

पहिला: एम४२ आणि टी-२. दोघांचा व्यास ४२ मिमी. पण एम४२ च्या आट्यांचं अंतर १ मिमी आणि टी-२ चं ०.७५ मिमी. एक दुसऱ्यात अर्धा-पाऊण फेरा जातो आणि अडतो. तिथे जोर लावला की आटे गेले. लेन्स बोटांच्या हलक्या जोराने पूर्ण बसत नसेल तर थांबा.

दुसरा: एम३९ नावाचे दोन वेगळे प्रकार. लायका स्क्रूच्या रेंजफाइंडर (लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघायच्या कॅमेऱ्याच्या) लेन्स आणि सुरुवातीच्या झेनिट एसएलआरच्या (आरशाच्या कॅमेऱ्याच्या) लेन्स, दोन्हींचे आटे ३९ मिमीचे. पण पहिल्या प्रकारात माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमी, तर झेनिटमध्ये ४५.२ मिमी. रेंजफाइंडरच्या अडॅप्टरवर झेनिटची लेन्स घट्ट बसते, पण ती सेन्सरच्या फार जवळ जाते. कितीही जवळची वस्तू घ्या, काहीच फोकस होत नाही. उलटं केलंत तर फक्त अगदी जवळचं दिसतं. रशियन लेन्स घेताना हा फरक विकणाऱ्यालाही माहीत नसतो. साधी खूण अशी, की इंडस्टार-६१ एल/डी आणि ज्युपिटर-८ या रेंजफाइंडरच्या, तर हेलिऑस-४४ मालिका एसएलआरची.

तिसरा: घडी होणाऱ्या लेन्स. काही जुन्या रेंजफाइंडर लेन्सची नळी आत ढकलता येते. डिजिटल कॅमेऱ्यावर ती कधीच आत ढकलू नका, आत शटर आणि सेन्सर आहे. ज्युपिटर-१२ सारख्या लेन्सची मागची काच बरीच बाहेर आलेली असते. ती बसवण्याआधी कॅमेऱ्याच्या पोकळीत तेवढी जागा आहे ना, ते मोजून घ्या.

२. अंतराचं गणित समजून घ्या

प्रत्येक माउंटच्या धातूच्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. लेन्सचं अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त असेल, तरच मध्ये साधं, काच नसलेलं कडं घालून काम होतं. अडॅप्टर म्हणजे हा फरक भरून काढणारी पोकळ नळी, दुसरं काही नाही.

जुन्या लेन्सची अंतरं:
- लायका आर: ४७ मिमी
- निकॉन एफ: ४६.५ मिमी
- ऑलिंपस ओएम: ४६ मिमी
- कॉन्टॅक्स/याशिका: ४५.५ मिमी
- एम४२ आणि पेंटॅक्स के: ४५.४६ मिमी
- मिनोल्टा एसआर (एमसी, एमडी): ४३.५ मिमी
- कॅनन एफडी: ४२ मिमी
- लायका एम: २७.८ मिमी

कॅमेऱ्यांची अंतरं:
- कॅनन ईएफ (डीएसएलआर): ४४ मिमी
- कॅनन आरएफ आणि एल-माउंट: २० मिमी
- मायक्रो फोर थर्ड्स: १९.२५ मिमी
- सोनी ई: १८ मिमी
- फुजी एक्स: १७.७ मिमी
- निकॉन झेड: १६ मिमी

आता वजाबाकी करा. एम४२ ची लेन्स सोनी ई वर लावायची तर ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमी जाडीचा अडॅप्टर हवा. एफडीची लेन्स निकॉन झेडवर लावायला २६ मिमीचा. २००८ साली मायक्रो फोर थर्ड्स आणि २०१० साली सोनी ई आल्यावर जुन्या लेन्सना मागणी आली ती यामुळेच. आरसा गेला, अंतर निम्म्याहून कमी झालं आणि जवळजवळ प्रत्येक जुना माउंट बसू लागला.

डीएसएलआरवाल्यांसाठी: कॅनन ईएफवर एम४२, निकॉन एफ, ओएम, कॉन्टॅक्स/याशिका आणि लायका आर लेन्स बसतात, कारण त्यांचं अंतर ४४ मिमीहून जास्त आहे. एफडी आणि मिनोल्टा बसत नाहीत. म्हणजे बसतात, पण इन्फिनिटीपर्यंत (अगदी दूरच्या वस्तूंपर्यंत) फोकस हवा असेल तर अडॅप्टरमध्ये एक भिंग घालावं लागतं, आणि स्वस्त भिंग चित्र बिघडवतं. निकॉन डीएसएलआरवर एम४२ चीही हीच गत. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) ईएफ कॅमेऱ्यावर आणखी एक धोका असतो: इन्फिनिटीला काही लेन्सची मागची काच आरशावर आपटते. म्हणून पहिला फोटो फोकस रिंग सर्वांत जवळच्या अंतरावर ठेवून घ्या आणि प्रत्येक फोटोगणिक थोडं थोडं इन्फिनिटीकडे सरका. आरसा अडखळला की तिथेच थांबा. एवढं सगळं सांभाळून डीएसएलआरवर जुन्या लेन्स वापरण्यापेक्षा जुना मिररलेस कॅमेरा घेणं सोपं, असं माझं मत आहे.

३. अडॅप्टर निवडा

साध्या अडॅप्टरमध्ये विद्युत जोडणी नसते, आणि पूर्ण मॅन्युअल लेन्सला ती लागतही नाही. त्यामुळे जास्त पैसे मोजायचे ते चिपसाठी नव्हे, अचूक कामासाठी. बघायच्या गोष्टी या:

*ॲपर्चर कसं बंद होणार.* इथे माउंटनुसार फरक पडतो. निकॉन एफची रिंग असलेली लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की पाती निवडलेल्या आकड्यावर आपोआप येतात, त्यामुळे साधा अडॅप्टर चालतो. निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्सवर ॲपर्चर रिंगच नसते. तिथे अडॅप्टरवर स्वतःची रिंग हवी.

कॅनन एफडीची पाती तर कॅमेऱ्यावर नसताना रिंगला दादच देत नाहीत. त्यासाठी अडॅप्टरवर ‘ओपन’ आणि ‘लॉक’ असं फिरणारं कडं असतं. लेन्स आधी ‘ए’ खुणेवरून काढून एखाद्या आकड्यावर आणा, कडं ‘ओपन’ वर ठेवून लेन्स बसवा, मग ‘लॉक’ वर फिरवा. रिंग फिरवून पाती हलतात का ते पुढून बघा. ‘माझी एफडी लेन्स कायम उघडीच राहते’ या तक्रारीचं उत्तर बहुधा इथेच सापडतं.

एम४२ च्या अनेक लेन्सच्या मागे एक छोटी पिन असते. ती दाबली गेली तरच पाती बंद होतात. लेन्सवर ‘ए/एम’ अशी कळ असेल तर ती ‘एम’ वर ठेवा, झालं. कळ नसेल तर आतून पिन दाबणारी कड असलेला अडॅप्टर घ्या. हेलिऑस-४४-२ सारख्या प्रीसेट (पाती हातानेच उघड-बंद करायच्या) लेन्सना पिनच नसते, त्या कशावरही चालतात. फुजिनॉनच्या काही एम४२ लेन्सच्या मागच्या कडेला ॲपर्चर रिंगची एक जीभ बाहेर येते. रुंद अडॅप्टरवर ती घासते आणि रिंग फिरत नाही.

*खूण कुठे येते.* स्क्रू माउंटची लेन्स पूर्ण आवळल्यावर अंतराचे आकडे कधी बाजूला, कधी खाली येतात. चांगल्या एम४२ अडॅप्टरच्या आतलं कडं तीन बारीक स्क्रूंनी धरलेलं असतं. ते सैल करून कडं हवं तेवढं फिरवा आणि पुन्हा आवळा.

*आतली बाजू.* ती काळी आणि खरबरीत असावी. चकचकीत असेल तर समोरून उजेड आल्यावर चित्राच्या मध्यभागी पांढुरकं पुट दिसतं. मॅट काळा रंग लावून हे घालवता येतं.

*फोकल रिड्यूसर.* एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स (फुल-फ्रेमहून लहान, म्हणजे ‘क्रॉप’ सेन्सरच्या) कॅमेऱ्यासाठी आत भिंग असलेले हे अडॅप्टर येतात. ०.७१ पट रिड्यूसर ५० मिमीची लेन्स सुमारे ३५ मिमीची करतो आणि एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश देतो. तो नसेल तर ५० मिमीची लेन्स १.५ पट क्रॉप सेन्सरवर ७५ मिमीएवढं आणि मायक्रो फोर थर्ड्सवर १०० मिमीएवढं दृश्य दाखवते. साध्या अडॅप्टरवर हात बसेपर्यंत रिड्यूसर घेऊ नका. चित्र खराब आलं तर दोष लेन्सचा, रिड्यूसरचा की फोकसचा, हे नवख्याला सांगता येत नाही.

४. लेन्स आणि अडॅप्टर साफ करून तपासा

नव्या अडॅप्टरच्या आट्यांमध्ये धातूचे बारीक कण अडकलेले असतात आणि ते थेट सेन्सरवर पडतात. ब्रशने झाडून, फुग्याने हवा मारून मगच तो कॅमेऱ्याजवळ न्या.

लेन्सच्या मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. एकसारखं धुकं म्हणजे वंगणाची वाफ काचेवर बसलेली. कडेला इंद्रधनुषी चट्टा म्हणजे चिकटवलेल्या काचा सुटू लागल्या आहेत. हे तिन्ही दोष टाळा. पुढच्या काचेवरचा एखादा चरा मात्र फोटोत सहसा दिसत नाही. मागच्या काचेवरचा दिसतो.

पात्यांवरच्या तेलाला लोक फार घाबरतात. फिल्म कॅमेऱ्यात पाती क्षणार्धात बंद व्हावी लागत, तिथे तेल म्हणजे चुकीचं एक्सपोजर. अडॅप्टरवर आपण रिंग हातानेच बंद करतो, त्यामुळे थोडं तेल चालून जातं.

सुपर-ताकुमार ५० मिमी एफ१.४ च्या सात काचांच्या आवृत्तीसारख्या काही लेन्समध्ये थोरियम असलेली काच आहे. ती काळानुसार पिवळी पडते. अतिनील प्रकाशात काही दिवस ते काही आठवडे ठेवली की पिवळेपणा बराच जातो. काच किंचित किरणोत्सारी असते. वापरायला हरकत नाही, पण घासू किंवा फोडू नका.

५. जोडणी

कॅमेरा बंद करा. आधी अडॅप्टर लेन्सवर बसवा, मग दोन्ही मिळून एकच लेन्स समजून कॅमेऱ्यावर लावा. उलट क्रमाने केलं तर कॅमेरा उघडा राहतो आणि जोर कॅमेऱ्याच्या माउंटवर येतो. ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. हलवून बघा: किंचित फिरणं चालेल, वर-खाली डुगडुगणं चालणार नाही. जड टेलिफोटो असेल तर वजन लेन्सखाली हात ठेवून पेला, आणि ट्रायपॉड कॅमेऱ्याला न लावता लेन्सच्या किंवा अडॅप्टरच्या पायाला लावा.

लेन्स अडॅप्टरमध्ये अडकली तर फोकस रिंग धरून पिळू नका, आतले आटे बिघडतात. रबरी हातमोजे घालून लेन्सचा मागचा न फिरणारा भाग धरा.

६. मेन्यूतल्या चार नोंदी

१. *लेन्सशिवाय शटर.* अडॅप्टरमध्ये चिप नसल्याने कॅमेऱ्याला वाटतं की लेन्सच नाही. सोनी, कॅनन, फुजी, पॅनासॉनिक यांच्या मेन्यूत ‘लेन्सशिवाय शटर सोडणे’ अशा अर्थाची नोंद असते. ती चालू करा. शटर दाबलं जात नाही, याचं कारण जवळजवळ नेहमी हेच.

२. *स्थिरीकरण.* कॅमेऱ्याच्या आत सेन्सर हलवणारं स्थिरीकरण असेल तर त्याला फोकल लेंथ स्वतः सांगावी लागते. लेन्सवर छापलेला आकडा टाका. क्रॉप सेन्सर असला तरी १.५ ने गुणू नका. रिड्यूसर लावला असेल तर मात्र ०.७१ ने गुणा. झूम लेन्सला एकच आकडा टाकायचा तर लहान टोकाचा टाका. आकडा मोठा पडला तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि फोटो उलट जास्त हललेला येतो. निकॉन झेडमध्ये चिप नसलेल्या लेन्सची माहिती साठवायची सोय आहे, फुजीत अडॅप्टरची स्वतंत्र नोंद आहे. लेन्स बदलली की हा आकडा बदलायचा, हे विसरणं सर्वांत सोपं.

३. *मोड.* ॲपर्चर-प्राधान्य (ए किंवा एव्ही) ठेवा. लेन्स प्रत्यक्ष बंद होते, कॅमेरा येणारा प्रकाश मोजतो आणि शटर ठरवतो. पडद्यावर एफच्या जागी रेघा किंवा शून्य दिसेल, ते बरोबर आहे.

४. *शटरचा प्रकार.* इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन (शटरचा पहिला पडदा प्रत्यक्ष न हलता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने उघडणं) चालू असताना दुसऱ्या कंपनीची मोठ्या ॲपर्चरची लेन्स वेगवान शटरवर वापरली, तर एक्सपोजर असमान येऊ शकतं आणि पार्श्वभूमीतले प्रकाशाचे गोळे अर्धवट कापलेले दिसतात. एफ१.४ ला भर उन्हात फोटो काढताना पूर्ण मेकॅनिकल शटर ठेवा.

७. इन्फिनिटीची चाचणी

ही पायरी बहुतेक जण गाळतात. अडॅप्टर परत करायची मुदत संपण्याआधी ती करा.

अडॅप्टर हवा त्यापेक्षा जाड झाला तर लेन्स इन्फिनिटीपर्यंत पोचत नाही. किती जाड म्हणजे वाईट? फोकल लेंथचा वर्ग करा आणि जास्तीच्या जाडीने भागा. ती लेन्स साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत फोकस होईल. ०.१ मिमी, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढी चूक धरली तर:

- २०० मिमी लेन्स: ४०० मीटर
- ५० मिमी लेन्स: २५ मीटर
- २८ मिमी लेन्स: जेमतेम ८ मीटर

म्हणून एखादा अडॅप्टर टेलिफोटोवर (मोठ्या फोकल लेंथच्या लेन्सवर) उत्तम आणि वाइडवर (लहान फोकल लेंथच्या लेन्सवर) निकामी वाटतो. चाचणी तुमच्याकडच्या सर्वांत वाइड लेन्सवर करा.

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, ॲपर्चर पूर्ण उघडा. किलोमीटरभर दूरची, ठळक कडा असलेली वस्तू निवडा: टॉवर, डोंगराची धार, रात्री चंद्र किंवा तारा. दुपारी तापलेल्या हवेच्या लाटा असतात, सकाळी करा. फोकस रिंग इन्फिनिटीच्या टोकाला टेकवा, पडद्यावर प्रतिमा मोठी करा आणि रिंग हळूहळू मागे आणा.

टोकालाच सर्वांत धारदार: अडॅप्टर अचूक आहे. हे क्वचित घडतं.

टोकाच्या थोडं आधी धारदार आणि टोकाला पुसट: अडॅप्टर किंचित पातळ. हे सर्रास असतं आणि बनवणारे ते मुद्दाम ठेवतात, कारण जाड झालेला अडॅप्टर निरुपयोगी ठरतो. यात अंतराच्या आकड्यांवर विसंबता येत नाही, रिंग टोकाला टेकवून तारे काढता येत नाहीत. जवळच्या फोकससाठी आतल्या काचा वेगळ्या सरकणाऱ्या लेन्समध्ये कोपरेही थोडे ढिले पडतात. अडॅप्टरचं पुढचं कडं स्क्रूंनी बसवलेलं असेल तर ते काढून खाली पातळ पट्टी घालता येते. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल साधारण ०.०१६ मिमी जाडीची असते, तिचे थर वाढवत जा. पट्टी कड्याभोवती सगळीकडे सारख्या जाडीची हवी.

टोकापर्यंत सुधारतच जातं, पण धारदार होत नाही: अडॅप्टर जाड. परत करा. घासून पातळ करायला जाऊ नका, कडं समांतर राहत नाही.

मग एफ५.६ ला दूरच्या दृश्याचा एक फोटो काढून चारही कोपरे बघा. डावी बाजू धारदार आणि उजवी पुसट असेल तर एकतर अडॅप्टर तिरका आहे किंवा लेन्सच्या आतली काच सरकली आहे. दुसरी लेन्स त्याच अडॅप्टरवर लावा. पुसटपणा त्याच बाजूला राहिला तर दोषी अडॅप्टर.

रेंजफाइंडरच्या वाइड लेन्सचे कोपरे मात्र अडॅप्टर अचूक असूनही पुसट आणि कधी जांभळट येतात. त्यांच्यातून प्रकाश सेन्सरवर फार तिरका येतो आणि सेन्सरसमोरच्या काचेच्या थरात बिघडतो. त्यावर अडॅप्टर बदलून उपाय नाही. एसएलआरच्या वाइड लेन्स घ्या.

८. फोकस करायची पद्धत

फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा पडद्यावर रंगवून दाखवायची सोय) चालू करा, संवेदनशीलता ‘कमी’ वर, रंग लाल. पडद्यावरचं चित्र कृष्णधवल ठेवलं तर लाल कडा उठून दिसतात. रॉ फाइलमध्ये (सेन्सरच्या कच्च्या नोंदीत) रंग राहतातच. पण पीकिंगवर फार विश्वास टाकू नका. ते कॉन्ट्रास्ट बघतं, धार नाही. एफ१.४ ला चेहऱ्यावर सगळीकडे लाल दिसतं आणि डोळा मात्र सुटलेला असतो. प्रतिमा मोठी करण्याचं बटण अंगठ्याखाली येईल असं नेमून घ्या. पीकिंगने जवळ पोचा, मोठं करून नक्की करा.

एरवी ॲपर्चर पूर्ण उघडून फोकस करावा आणि मग बंद करावं. एफ१.२ ते एफ१.४ च्या जुन्या लेन्स याला अपवाद. त्यांच्यात ॲपर्चर बंद करताना फोकस किंचित सरकतो, म्हणून ज्या आकड्यावर फोटो काढायचा त्याच आकड्यावर फोकस करा.

९. फोटो काढल्यानंतर

फाइलमध्ये लेन्सचं नाव आणि ॲपर्चर नोंदलं जात नाही. नंतर लागणार असेल तर प्रत्येक लेन्स लावल्यावर पहिला फोटो लेन्सच्या टोपीवर लिहिलेल्या नावाचा काढा. कॅमेऱ्यातल्या आपोआप दुरुस्त्याही या लेन्सना मिळत नाहीत. उघड्या ॲपर्चरला काळ्या फांद्यांभोवती येणारी जांभळी कडा आणि कोपऱ्यांचा काळोख रॉ सॉफ्टवेअरमध्ये हाताने काढावा लागतो. प्रत्येक लेन्ससाठी त्या आकड्यांचा एक प्रीसेट साठवून ठेवा.